खड्डा, खडी आणि वि. स. पागे

ही गोष्ट एका खड्ड्यापासून सुरू होते.

आमच्या होस्टेलच्या गेटसमोरचा रस्ता एका वर्षात तीनदा खोदला गेला. पहिल्यांदा पाइपसाठी, दुसऱ्यांदा केबलसाठी आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते वॉचमनकाकांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक वेळी खोदणारे आले, बुजवणारे आले, वर मुरूम टाकून गेले. पाऊस आला आणि रस्ता जिथल्या तिथे!

त्या रात्री मेसमध्ये यावरून जो वाद पेटला, तो पोळ्या संपल्या तरी संपला नाही. माझा अकोल्याचा रूममेट म्हणाला, की बे, खोदणाऱ्याला पैसे भेटले, बुजवणाऱ्याला भेटले, टपरीवाल्याचा चहा खपला, म्हणजे देशाचा जीडीपी वाढलाच ना! त्यावर मेकॅनिकलचा एक जण उसळून म्हणाला, काऊन वाढला? आपल्या बापाच्या टॅक्सचा पैसा मातीत घातला अन् वरून वाढला म्हणतो! अर्धी मेस इकडे, अर्धी तिकडे. मी मात्र गप्प होतो. सिव्हिलचा असल्यामुळे दोन्हीकडून माझ्याकडेच संशयानं पाहिलं जात होतं, ही गोष्ट वेगळी.

दिवाळीत गावी गेलो. मी बीड जिल्ह्यातला. आजीपुढे सहज हा विषय काढला, तर ती हसली. म्हणाली, आम्ही बहात्तरच्या दुष्काळात हेच तर केलं. तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली, अठरा-एकोणीस वर्षांची. आधी काही महिने तिनं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. पुढे शेजारच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं, तिथे घमेल्यानं माती वाहिली. दोन्हीकडे हातात मजुरी पडली, दोन्हीकडे सुखडी मिळाली. पण खडीचे ते ढीग पुढे कित्येक वर्षं तसेच पडून होते. त्यांत गवत उगवलं, साप निघाले. पाझर तलाव मात्र बऱ्या पावसाच्या वर्षी अजूनही भरतो आणि खालच्या अंगाची आमची विहीर मार्चपर्यंत टिकते.

मजुरी तीच, घाम तोच. एका कामाचं गवत झालं, दुसऱ्याचं पाणी झालं. मग सरकारनं नुसता खर्च केला म्हणजे संपत्ती निर्माण होते का? की काय केलं यावर ते ठरतं? याचं उत्तर शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोचलो. त्याचं नाव आमच्या पिढीतल्या फारशा कोणाला ठाऊक नाही, पण त्याच्या कामाचा हिशेब आजही आपल्या कॉलेजातल्या प्रत्येक सरांच्या पगारपत्रकावर दर महिन्याला छापून येतो. त्या माणसाचं नाव विठ्ठल सखाराम पागे.

पागे यांचा जन्म १९१० सालचा, सांगली जिल्ह्यातल्या बागणीचा. शिक्षण कायद्याचं, वृत्ती गांधीविचाराची. स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले. संतसाहित्याचा व्यासंग मोठा. काँग्रेसमध्ये राहूनही सर्वोदयाकडे ओढा असलेली जी एक पिढी महाराष्ट्रात होती, तिच्यातलेच ते. आवाज न चढवता काम करणारी ही माणसं. म्हणूनच की काय, त्यांचे पुतळे कमी आणि कामं जास्त!

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. पुढे १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं, ते त्या खुर्चीवर होते. नागपूरकरांनो, याचा अर्थ लक्षात घ्या. दर हिवाळ्यात अधिवेशन आलं की मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात आणि आपली बस भलत्याच रस्त्यानं फिरते. ते अधिवेशन जिथे भरतं, त्या सिव्हिल लाइन्समधल्या विधान भवनात हा माणूस वर्षानुवर्षं सभापती म्हणून बसला. सभापतीचं काम तसं शांततेचं. सभागृह चालवायचं, नियम सांभाळायचे, आपण कमी बोलायचं. त्या खुर्चीवरून योजना निघत नसतात. पण पागे यांच्या डोक्यात सभागृहाबाहेरचा एक प्रश्न घोळत होता.

प्रश्न साधा होता. खेड्यातल्या भूमिहीन मजुराला पेरणी-कापणीच्या दिवसांत काम असतं, बाकीच्या महिन्यांत नसतं. त्याच खेड्यात बांध फुटलेले असतात, ओढे अडवायचे राहिलेले असतात, विहिरी कोरड्या असतात. एकीकडे रिकामे हात, दुसरीकडे पडलेलं काम. मग या दोघांची गाठ का पडत नाही? घटनेच्या ४१व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. तिथली गोष्ट मागायला कोर्टात जाता येत नाही. पागे यांना ती तत्त्वांच्या पानावरून उचलून शेताच्या बांधावर आणायची होती.

त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना आपली कल्पना लिहून कळवली. नाईक आपल्याच विदर्भातले, पुसदजवळच्या गहुलीचे, नागपुरात शिकलेले आणि शेतीत मनापासून रमणारे. त्यांना ती पटली. साठीच्या दशकाच्या मध्यावर तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात प्रयोग सुरू झाला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि कामही असं की त्यातून गावाची जमीन आणि पाणी सुधारेल. प्रयोग वाढत गेला, लोक त्याला पागे योजना म्हणू लागले आणि १९७२ साली रोजगार हमी योजना म्हणून ती राज्यासाठी जाहीर झाली.

आणि नेमका तेव्हाच तो दुष्काळ आला.

१९७० पासूनच पाऊस हुलकावणी देत होता, १९७२ला तर त्यानं पाठच फिरवली. नवी योजना नीट उभी राहण्याआधीच सरकारला दुष्काळी कामं काढावी लागली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. पन्नास लाख! एवढ्या माणसांना रातोरात काम द्यायचं म्हटल्यावर नकाशे, अंदाजपत्रकं, लेव्हल घ्यायला वेळ कुठे? खडी फोडणं हे सगळ्यांत सोपं. त्याला सर्वेक्षण लागत नाही, फक्त दगड आणि हातोडा लागतो. म्हणून आधी खडीचे डोंगर उभे राहिले. त्यावर टीकाही झाली, की सरकार नुसते दगड फोडून पैसे वाटतंय. मग हळूहळू पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती अशी कामं वाढवण्यात आली. माझी आजी खडीवरून तलावावर गेली ती यामुळे. तिला वाटलं मुकादमानं पाठवलं. खरं तर एक अख्खं राज्य तेव्हा खडीवरून तलावाकडे सरकत होतं.

आता आपल्या मेसच्या वादाकडे येऊ. खडीचे ते ढीग वाया गेले का?

१९३६ साली इंग्लंडमधल्या केन्स या अर्थशास्त्रज्ञानं एका पुस्तकात एक गमतीदार उदाहरण दिलं होतं. बाटल्यांत नोटा भरून त्या जुन्या खाणींत पुरा, वर कचरा टाका आणि लोकांना त्या उकरू द्या. मंदीत काहीच न करण्यापेक्षा तेही बरं, असा त्याचा मुद्दा. लखनौच्या बड्या इमामबाड्याबद्दलही अशीच दंतकथा आहे. १७८४च्या दुष्काळात नवाब असफउद्दौलानं लोकांना काम देण्यासाठी तो बांधायला काढला आणि दिवसा बांधलेलं रात्री पाडलं जायचं, असं म्हणतात. माझ्या रूममेटचा पक्ष तो हाच. पण केन्सच्या उदाहरणाचं शेपूट लोक विसरतात. बाटल्या पुरण्यापेक्षा घरं बांधणं जास्त शहाणपणाचं, हेही त्यानं तिथेच सांगून ठेवलंय.

मी माझ्यापुरता हिशेब असा मांडला. समजा, सरकारनं शंभर रुपये मजुरी दिली. ते शंभर रुपये आकाशातून पडत नाहीत. कोणाच्या तरी खिशातून कर म्हणून येतात आणि त्यानंही ते कुठेतरी खर्च केलेच असते. मजुरानं किराणा घेतला, दुकानदारानं कापड घेतलं, हे डोळ्यांना दिसतं. करदात्यानं जे घेतलं नाही ते दिसत नाही. म्हणजे पैसा नुसता या खिशातून त्या खिशात गेला, तर त्याला संपत्ती म्हणता येत नाही. इथपर्यंत मेकॅनिकलवाला बरोबर.

पण त्या मजुराचे हात जर एरवी रिकामेच राहणार असतील, तर त्याला कामाला लावल्यानं दुसरं कुठलंच काम बुडत नाही. समाजाच्या दृष्टीनं ती मेहनत जवळजवळ फुकट मिळते. शिवाय दुष्काळात मजुरी मिळाली नाही तर तो बैल विकतो, बियाणं खातो, जमीन गहाण टाकतो, गाव सोडतो. पुढच्या वर्षी पाऊस आला तरी त्याच्याकडे पेरायला काही उरत नाही. खडी फोडून मिळालेल्या मजुरीनं आमच्या घरची बैलजोडी वाचली, असं आजी सांगते. मग ते काम पूर्ण अनुत्पादक कसं म्हणायचं? ढीग वाया गेला, पण बैल वाचले. इथे रूममेटही बरोबर.

हेही विसरून चालणार नाही, की नोटा खाता येत नाहीत. त्या दुष्काळात मजुरीबरोबर धान्यही पोचावं लागलं, रेशनच्या दुकानांतून लाल मिलो आली आणि मजुराच्या हातात पैसा होता म्हणून व्यापाऱ्यांचं धान्यही दुष्काळी भागाकडे वळलं. धान्यच नसतं, तर वाटलेल्या पैशानं नुसते भाव चढले असते.

म्हणजे हिशेबाचे तीन भाग झाले. रिकामे हात कामाला लागले का, हा पहिला. त्या मजुरीनं घर मोडण्यापासून वाचलं का, हा दुसरा. आणि काम संपल्यावर जमिनीवर काही उरलं का, हा तिसरा. खडीच्या ढिगाला पहिल्या दोन पेपरांत मार्क मिळतात, तिसऱ्यात भोपळा. पाझर तलाव तिन्ही पेपरांत पास. आणि आमच्या गेटसमोरचा खड्डा? ते मशिन वर्षभर कुठेतरी राबणारच होतं, आलेले लोक दुसऱ्या साइटवरून आलेले होते, आणि उरला फक्त चिखल. तिन्हींत नापास!

पागे यांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी फक्त पहिल्या दोन पेपरांवर समाधान मानलं नाही. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यात काम उत्पादक असलं पाहिजे ही अटच आहे. ज्यानं प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे उत्पादन वाढेल, किंवा जे केलं नाही तर उत्पादन अडेल, ते उत्पादक काम. खर्चाचा मोठा वाटा मजुरीवर, म्हणजे साठ टक्के मजुरी आणि चाळीस टक्के साहित्य, असं प्रमाण ठरलं. अंगमेहनतीचंच काम, मोजमापाप्रमाणे मजुरी, बाईला आणि पुरुषाला एकच दर. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. जगात फार कमी सरकारांनी असं स्वतःला कायद्यानं बांधून घेतलं होतं.

यातली खुबी पाहा. काम कष्टाचं आणि मजुरी बेताची, म्हणून ज्याला दुसरीकडे काम आहे तो इकडे फिरकणार नाही. सुगी आली की मजूर आपोआप शेतावर परत जाणार. कोण गरजू हे ठरवायला दाखला नको, साहेबाची सही नको. जो टिकाव उचलायला तयार, तो गरजू. आपण फीडबॅक लूप म्हणतो ना, ते हेच! फरक एवढाच, की हे एका वकिलानं आखलं, आपण इंजिनिअर बघत राहिलो.

आणि पैसा? तो आला व्यवसाय करातून. १९७५ साली राज्यानं नोकरदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला तो रोजगार हमीसाठी. जमेल तेवढीच भर सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. सरांच्या पगारातून दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात ना, तोच हा कर. शहरातल्या पक्क्या नोकरीवाल्यानं खेड्यातल्या बिनभरवशाच्या मजुराची हमी घ्यायची, असा हा करार होता. सर, पुढच्या वेळी स्लिप हातात आली की त्या ओळीकडे जरा प्रेमानं बघा, ही नम्र विनंती!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे आरती होईल. रोजगार हमीत हजेरीपटावर खोटी नावं चढली. मेलेली माणसं माती वाहताना कागदावर दिसली. एकाच बांधावर दोनदा पैसे निघाले. कित्येक कामं अर्धवट राहिली, कित्येक तलाव गाळानं भरले. कायद्यात उत्पादक हा शब्द घातला म्हणून काम उत्पादक होत नाही. ते रोहयोपुरतंच खरं आहे असंही नाही. आपल्या शेजारचं वैनगंगेवरचं गोसेखुर्द धरण बघा. १९८८ साली भूमिपूजन झालं तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला आणि शेताला पाणी मिळायला पिढी उलटली. धरणासारखं उत्पादक काम दुसरं कोणतं? पण पाणी शेतात पोचेपर्यंत तोही एक मोठा खर्चच असतो.

पागे यांना हे दिसत नव्हतं असं नाही. सभापतिपद सुटल्यावरही ते रोजगार हमीच्या कामात गुंतून राहिले आणि योजना सुधारण्यासाठी झटत राहिले. १९९० साली ते गेले. त्याच सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि मजुरीच्या पैशातून कोरडवाहू शेतांत आंबा, डाळिंब, बोर, संत्रा उभा राहिला. झाड लावणाऱ्याच्या मागे झाड वाढतं, हे त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरं ठरलं. पुढे २००५ साली केंद्रानं शंभर दिवसांच्या रोजगाराचा कायदा केला. २००६च्या फेब्रुवारीत तो देशातल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला. त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा आणला. कायद्यांची नावं बदलतात, दिवस कमी-जास्त होतात. विसापूरच्या बांधावरचा प्रश्न मात्र तोच राहतो.

हे सगळं मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं. असो. पण मला त्यातून वेगळीच गोष्ट लागून राहिली आहे. तिसऱ्या पेपरचा पेपरसेटर कोण? अर्थमंत्री नाही. पाझर तलावाची जागा निवडणारा ज्युनिअर इंजिनिअर. खाली मुरूम किंवा फुटका खडक असेल तर पाणी जिरतं आणि विहिरी भरतात. खाली चिकण माती असेल तर पाणी नुसतं उन्हात उडून जातं. एवढ्या एका गोष्टीवर दोनशे बायकांनी वाहिलेल्या मातीचं मोल ठरतं. चौकडीची खोली खरी लिहायची की मुकादम सांगेल ती, हेही त्याच्याच पेनावर.

आपल्यापैकी बरेच जण सध्या जेईच्या परीक्षेची तयारी करताहेत. मीही करतोय. उद्या कुठल्या तरी तालुक्याच्या गावी एम.बी.वर सही आपलीच असणार आहे. त्या सहीच्या वेळी आमच्या गेटसमोरचा खड्डा आठवा, आजीच्या खडीचा ढीग आठवा आणि मार्चपर्यंत टिकणारी आमची विहीरही आठवा. तिन्हींवर सरकारी पैसा खर्च झाला होता. सही मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळ्या माणसाची होती.